मालक कोण?

सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या राज्यघटनेनुसार शासकीय मालमत्ता ही समग्र सोव्हिएत जनतेची सामाईक मालमत्ता होती. पंधराच वर्षांनी, १९९२ मध्ये, रशियन शासनाने त्याच जनतेच्या हातावर दहा हजार रुबलचे एकेक प्रमाणपत्र ठेवले आणि कारखान्यांतील वाटा त्यातून मिळवा, असे सांगितले. जे घटनेनेच आपले, त्याचा वाटा मागण्यास चिठ्ठी कशाला लागावी? परंतु हा प्रश्न विचारण्याची सवयच त्या समाजाला उरली नव्हती. महागाईने गांजलेल्या असंख्यांनी ती प्रमाणपत्रे मिळेल त्या किमतीस विकली.

१९९५ मध्ये तर कहर झाला. स्टालिनच्या छावण्यांतील बंदिवानांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या नोरिल्स्क निकेलचे ३८ टक्के समभाग सुमारे १७ कोटी डॉलरच्या कर्जापोटी व्लादिमीर पोतानिन यांच्या बँकेकडे गहाण पडले. लिलाव चालविणारी बँक तीच, जिंकणारीही तीच! शासनाने कर्ज फेडले नाही. उद्योग मात्र गेला.

आपल्याकडील डावे विचारवंत याचे खापर येल्त्सिन आणि पाश्चात्त्य सल्लागारांवर फोडतात. ते अंशतः खरेही आहे. परंतु सत्तर वर्षे ही मालकी भोगली ती पक्षाने आणि मंत्रालयांनी. पोतानिन स्वतः सोव्हिएत परराष्ट्र व्यापार मंत्रालयातलेच. किल्ल्या आधीपासून ज्यांच्या कमरेला, घरही त्यांच्याच नावावर झाले, इतकेच.

दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीयीकरण आणि शासकीयीकरण हे दोन शब्द एक मानीत नसत, ते यासाठीच. कोणता उद्योग शासनाचा, कोणता सहकारी, कोणता खासगी आणि कोणता श्रमिकांच्या मालकीचा असावा, हे त्या त्या उद्योगाचे स्वरूप पाहून ठरावे, असा त्यांचा आग्रह होता. कामगाराचा घाम हेही भांडवलच, ही त्यामागची धारणा. म्हणूनच वाजपेयी शासन आपल्या विचारांचे असतानाही भारतीय मजदूर संघाने त्याच्या निर्गुंतवणूक धोरणास उघड विरोध केला. तो अनेक स्वकीयांना रुचला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

२००१ मध्ये बाल्कोचे ५१ टक्के समभाग सुमारे ५५१ कोटी रुपयांना एका खासगी उद्योगसमूहाकडे गेले. २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के समभाग विक्रीस निघाले, तेव्हा विमाधारकांसाठी राखीव हिस्सा आणि समभागामागे साठ रुपयांची सवलत होती. कर्मचाऱ्यांना पंचेचाळीस रुपयांची. मालकास स्वतःच्याच वस्तूवर सवलत मिळते, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो, हे अर्थमंत्रालयाने एकदा कामगार संघटनांना समोर बसवून सांगावे.