धप्पा आणि त्याचे परीक्षक

भाचीच्या पोस्टरला पन्नासपैकी अठरा गुण मिळाले. गुणांवरून भांडायचं माझं वय गेलं. भांडण आहे ते गुणांखाली लाल शाईत उमटलेल्या तीन शेऱ्यांशी: ‘नशेच्या चित्रांचा प्रभाव’, ‘पाश्चात्त्य अनुकरण’, ‘वाचता येत नाही’. पोरगी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कुठल्या महाविद्यालयात ते सांगत नाही. हे तीन शेरे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कलाशाळेत खपून जातील.

विषय होता आपल्या गावचा सण. ती पंचवटीत वाढलेली, म्हणून तिने रहाड घेतली. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे रंगाचा खरा दिवस रंगपंचमीचा. रहाड म्हणजे भर चौकात जमिनीच्या पोटात बांधलेला पेशवेकाळातला दगडी हौद. वर्षभर त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर माती, मातीवरून रिक्षा आणि भाजीच्या गाड्या. पंचमी जवळ आली की रहाड उकरतात, पूजा होते, फुलं उकळून काढलेला रंग पाण्यात पडतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: तिवंध्याची पिवळी, पंचवटीतल्या शनी चौकाची गुलाबी. मग काठावरून अंग झोकून द्यायचं, असं की काठावरचे कोरडे पाहुणेही भिजले पाहिजेत. या उडीला धप्पा म्हणतात.

पोस्टरवर तो एकच शब्द होता. गुलाबी पाण्यात हिरवी अक्षरं, फुगलेली, वितळलेली, एकमेकांच्या बगलेत घुसलेली. पाहताना डोळ्यांसमोर कडा थरथरत होत्या. “मामा, हे सायकेडेलिक आहे,” ती म्हणाली, आणि लगेच, “पण मी काही घेत नाही हं!” तिने आईला हे आधीच चार वेळा सांगितलं होतं. शेऱ्यांचा पहिला परिणाम हा की विद्यार्थिनीला चित्राऐवजी चारित्र्याचा खुलासा करावा लागला.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर त्याचं म्हणणं नीट मांडू. सायकेडेलिक हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ साली आल्डस हक्सलेशी चाललेल्या पत्रव्यवहारात घडवला. अर्थ साधारण ‘मन उघडं करणारं’ असा, आणि संदर्भ थेट एलएसडीसारख्या द्रव्यांचा. दहा वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत संगीताच्या जलशांची पोस्टरं निघाली, वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस, आल्टन केली या मंडळींची, आणि त्या जगात ते द्रव्य मुबलक होतं. काढणाऱ्यांनी घेतलं, पाहणाऱ्यांनीही घेतलं. हे लपवायचं कारण नाही. म्हणजे परीक्षकांच्या मते जिथे कुळच असं, तिथे मूळ शोधायला कशाला जायचं?

मी म्हणतो, मूळच शोधा. विल्सनची ती फुगीर, साच्यात कोंबलेली अक्षरं आली कुठून? बर्कलेत भरलेल्या जुन्या जर्मन पोस्टरांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतून, आणि त्यातही व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या अक्षरवळणावरून. रोलरने व्हिएन्ना सेसेशनच्या सोळाव्या प्रदर्शनाचं पोस्टर केलं १९०३ साली. एलएसडी प्रयोगशाळेत प्रथम तयार झालं १९३८ साली आणि आल्बर्ट हॉफमनला त्याचा गुण कळला १९४३ साली. अक्षरं द्रव्यापेक्षा पस्तीस वर्षांनी मोठी आहेत. नातवाच्या सवयींबद्दल आजोबांना जाब विचारायची ही रीत मला मान्य नाही.

रंगांचं तर याहून पक्कं. या पाचांत रीतसर शिक्षण सर्वांत जास्त झालं होतं ते मोस्कोसोचं. तो येलला जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली शिकला. आल्बर्स म्हणजे चौकोनात चौकोन रंगवण्यात हयात घालवलेला शिस्तीचा जर्मन मास्तर. शेजारच्या रंगाने रंग कसा बदलतो, यावरचा त्याचा ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ हा ग्रंथ १९६३ साली निघाला. पुढे पोस्टरं करताना शाळेतले नियम आपण उलटे केले, असं मोस्कोसोने मुलाखतींत सांगितलंय. पण उलटे करायला ते आधी यावे लागतात. दोन विरोधी रंग शेजारी ठेवायचे आणि दोघांचा उजळपणा सारखा राखायचा. डोळ्याला कड सापडत नाही, म्हणून ती हलताना दिसते. यात नशेचा संबंध एवढाच की हा परिणाम शुद्धीत असलेल्या माणसालाही होतो.

पडताळा सोपा आहे. भाचीच्या पोस्टरचा मी मोबाइलवर फोटो काढला आणि तो काळा-पांढरा केला. अक्षरं गायब! सगळा कागद एकाच राखाडी रंगाचा. म्हणजे तिने हिरवा आणि गुलाबी तोलून घेतले होते. या एका गोष्टीसाठी मी तिला दहा गुण जास्त दिले असते. परीक्षकांच्या खिशातही मोबाइल असणारच.

दुसरा शेरा अनुकरणाचा. १९६७ च्या डिसेंबरात जिमी हेंड्रिक्सची ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ ही तबकडी आली. तिचं वेष्टन म्हणजे आपल्याकडची विश्वरूपाची छापील तसबीर. मधल्या देवाच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. कुठल्याही वाण्याच्या दुकानात उदबत्तीच्या धुराने काळवंडलेली असते तीच. सायकेडेलिक म्हणून जगाने ज्या प्रतिमा डोक्यावर घेतल्या, त्यांतली एक आपल्या भिंतीवरून उतरवून नेलेली आहे. ही भिंत कोणी रंगवली? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे रंगागणिक वेगळा दगड घासून देव छापले जात. आमच्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके पडद्यावर देव आणण्याआधी त्याच छापखान्यासाठी काम करत होते. मग रघुवीर मुळगावकर आले, त्यांच्या फवाऱ्याच्या तुषारांतून देवांच्या गालांवर ते दुधी तेज आलं, आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं व कॅलेंडरं घराघरांत गेली. भाचीच्या आजीच्या देवघरात त्यांतलं एक अजून आहे, साल फाडून टाकलेलं. पोरीने गुलाबी आधी तिथे पाहिला, मग रहाडीत, आणि इंटरनेटवर सगळ्यात शेवटी.

इथे माझ्या बाजूने भांडायला आलेल्या काही मंडळींना मात्र परत पाठवायला हवं. “हे सगळं आपलंच! विश्वरूपदर्शन हेच पहिलं सायकेडेलिक. कुंभातले साधू बघा, त्यांनी हे कधीच करून ठेवलंय.” सिंहस्थ जवळ आला की हा सूर चढतो. आपलंच म्हटलं की पाहण्याचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा फायदा. गीतेतला अर्जुन ते रूप पाहून घाबरतो आणि नेहमीचं सौम्य रूप परत मागतो. त्याला भिंतीवर लावायचं पोस्टर नको होतं. तपोवनातला साधू भस्म फासतो ते डिझाइन म्हणून नव्हे. आणि हेंड्रिक्सचं म्हणाल तर त्या वेष्टनावर तो स्वतः खूश नव्हता. त्याच्या मनातले ‘इंडियन’ अमेरिकेतले, स्वतःच्या रक्तातले. कंपनीने गंगेकडचे घेतले. ज्या घटनेवर आपण मिशांना पीळ देतो, ती निम्मी गैरसमजातून घडलेली आहे. देवघेव अशीच होते, वेडीवाकडी. तिच्यावर मालकीचा शिक्का मारायला गेलं की हात रंगतात.

अनुकरण तिने केलंच नाही, असंही मी म्हणणार नाही. पोस्टरच्या खालच्या तिसऱ्या भागात भूछत्रं होती. शनी चौकात, रहाडीच्या तळाशी, भूछत्रं! शेजारी कपाळावरचा तिसरा डोळा आणि वितळतं घड्याळ. हा इंटरनेटवरचा तयार माल आहे. अंजुण्याच्या किनाऱ्यावरच्या टी-शर्टांवर तो कित्येक वर्षं लटकतोय. तेवढ्या भागावर लाल शाई पडली असती तर मीच परीक्षकांची बाजू घेतली असती. मी तिला विचारलं, “हे कशाला?” ती म्हणाली, “खाली जागा उरली होती.” प्रामाणिक उत्तर आहे. जागा उरली तर उरू द्यावी, एवढं शिकायला तिला अजून वर्ष आहे.

आता तिसरा शेरा. ‘वाचता येत नाही.’ या शेऱ्यात दम आहे, म्हणून इथे थांबतो.

तिच्या ‘धप्पा’त शिरोरेषा ही रहाडीचा काठ आहे. अक्षरं तिच्याखाली, पाण्यात. आता ‘ध’ बघा. पहिलीच्या वर्गात बाई कानीकपाळी ओरडायच्या: ध च्या डोक्यावर रेघ पुरी ओढू नका, घ होतो! ध ला डावीकडे रेघ नसते. त्या मोकळ्या जागेतून तिने पोराला आत पाडलंय. त्याचे तळवे तेवढे वर दिसतात. रहाडीवरची फळी जिथून काढली तिथेच अक्षराची रेघ तुटलेली. पुढचा ‘प्पा’ उडालेल्या पाण्यासारखा उजवीकडे फुगत जातो आणि काना काठावर आपटतो. हे विल्सनला जमलं नसतं, रोलरलाही नाही. त्यांच्या लिपीला डोक्यावर रेघच नाही. पोरीने तिकडून धाडस घेतलं आणि इथली रेघ तोडली, तीही लिपीने आधीच तोडून ठेवली होती तिथे.

अक्षराने अर्थ अंगावर घ्यावा, हे मराठीला नवं आहे का? सॅन फ्रान्सिस्कोत ही पोस्टरं लागत होती त्याच दशकात कमल शेडगे मराठी नाटकांची शीर्षकं रेखत होते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाचं नाव वाचायच्या आधी त्याचा स्वभाव कळायचा. र. कृ. जोशी शब्दाचा आवाज अक्षरात आणू पाहत होते, आणि पुढे याच जोशींनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक केला, ज्यात आज परीक्षकांचे अहवाल टाइप होत असतील. त्यांना कोणी ‘नशेचा प्रभाव’ म्हटलं नाही. भाचीच्या परीक्षेत शेडग्यांवर पाच गुणांचा प्रश्न असतो; पोस्टरमध्ये शेडगे दिसले की अठरा गुण.

तरीही शेरा सगळा खोटा नाही. मोस्कोसोचं पोस्टर वाचायला माणूस थांबत असे, कारण त्याला जलशाला जायचंच होतं आणि थांबायला त्याच्याकडे वेळ होता. पंचवटी कारंज्यावर संध्याकाळी साडेसहाला कोण थांबतं? मागचा हॉर्न थांबू देत नाही. तिने ‘धप्पा’ हलवला ते उत्तम, पण तारीख, वेळ आणि चौकाचं नावही त्याच हिरव्या-गुलाबीत हलवलं. आजीला चष्मा लावून ते दिसलं नाही. शिवाय फ्लेक्सवाल्याकडून छापून आणल्यावर तो पडद्यावरचा झळझळीत गुलाबी विझलेल्या गुलकंदासारखा झाला, कारण पडदा प्रकाशाने रंग करतो आणि छपाई शाईने. मोस्कोसोला हे पाठ होतं, म्हणून तो शाईच्या बळावर खेळला. आपल्या जिल्ह्यातले येवल्याचे विणकरही हे जाणतात: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर हलला की तिसराच रंग चमकून जातो. त्या पैठणीला धूपछाव म्हणतात. परिणाम वेगळा आहे, धागा आणि शाई एक नव्हे. पण कुठला रंग कुठल्या मालावर काय करतो, हे हाताला माहीत असणं दोन्हीकडे सारखंच लागतं. हे शिकवणं महाविद्यालयाचं काम होतं. तिथे लाल शाई खर्ची पडली.

तेव्हा माझा निवाडा असा. भूछत्रं, डोळा आणि घड्याळ काढून टाकावं. तारीख आणि चौक काळ्यावर पांढऱ्यात, जाड, सरळ यावेत. ‘धप्पा’ला कोणी हात लावू नये. पहिला शेरा परीक्षकांनी मागे घ्यावा, कारण तो चित्राबद्दल नाहीच. दुसऱ्यातला भूछत्रांपुरता भाग ठेवावा. तिसरा अर्धा ठेवावा आणि त्याखाली उपाय लिहावा. बिनउपायाचा शेरा चहाच्या टपरीवरही मिळतो.

आणि परीक्षकांना एक आग्रहाचं निमंत्रण. येत्या रंगपंचमीला शनी चौकात या. पांढरे कपडे घाला, चष्मा आणि मोबाइल भाचीकडे द्या, आणि काठावर मागे उभे राहू नका.