कुदळ आणि पाटी

सार्वजनिक वनांत तरुणांच्या तुकड्या नेमून संवर्धनाचे काम करून घेण्याचा विषय निघाला, की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : झाडे किती लावली? प्रश्न चुकीचा नाही. पण अपुरा आहे. झाडे लावणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून अशा उपक्रमाचे मोल ठरविता येत नाही.

अमेरिकेतील ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’, म्हणजे नागरी संवर्धन दल, हे या प्रकारचे सुप्रसिद्ध उदाहरण. १९२९ नंतरच्या महामंदीत त्या देशातील लक्षावधी लोक बेकार झाले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मार्च १९३३ मध्ये सूत्रे हाती घेतली आणि एप्रिलच्या मध्यास व्हर्जिनिया राज्यातील एका राष्ट्रीय वनात दलाची पहिली छावणी उभीही राहिली. प्रारंभी १८ ते २५ वर्षे वयाच्या, अविवाहित व बेकार तरुणांना तेथे प्रवेश मिळे. छावणीची व्यवस्था लष्कराकडे असे. काम काय करायचे, हे मुख्यतः वनखाते आणि राष्ट्रीय उद्यानांचे खाते ठरवी.

हे श्रमदान नव्हते. दरमहा ३० डॉलर वेतन होते आणि त्यांतील सुमारे २५ डॉलर परस्पर घरी पाठविले जात. मुलगा डोंगरात खड्डे खणी, तेव्हा शेकडो मैलांवर त्याच्या घरची चूल पेटे. काम जोखमीचेही होते. ऑगस्ट १९३७ मध्ये वायोमिंग राज्यात वणवा विझविताना १५ जण मृत्युमुखी पडले; त्यांत या दलाचे तरुण होते. १९४२ पर्यंतच्या नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण या छावण्यांतून गेले. त्यांनी सुमारे ३०० कोटी रोपे लावली, पायवाटा आखल्या, वणव्यांवर नजर ठेवणारे मनोरे उभारले, जमिनीची धूप थोपविण्यासाठी बांध घातले.

हे आकडे सर्वत्र सांगितले जातात. त्यांच्या मानाने एक लहान आकडा मागे पडतो. या छावण्यांत ४०,००० हून अधिक निरक्षर तरुण लिहावाचावयास शिकले. दलात आलेल्या कित्येकांची शाळा अर्ध्यावर सुटलेली होती. तरीही आरंभी शिक्षणाची काहीच योजना नव्हती. ती १९३३ च्या अखेरीस आली. दलाचे संचालक रॉबर्ट फेक्नर कामगार चळवळीतून पुढे आलेले गृहस्थ होते, आणि अभ्यासापायी कामाचा वेळ जाईल, अशी त्यांनाच धास्ती होती! म्हणून वर्ग भरत ते बहुधा दिवसाचे काम आटोपल्यावर, संध्याकाळी. दिवसभर कुदळ चालविलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अक्षरे कशी तरळतात, हे कामधंदा सांभाळून परीक्षेला बसणाऱ्याला निराळे सांगावयास नको. पुढे १९३७ च्या कायद्याने आठवड्यात दहा तासांच्या शिक्षणाची सोय केली. हे पाऊल योग्य होते. पण ते उशिरा पडले. अभ्यासाचे तास सेवेच्या तासांतच मोजले पाहिजेत. उरल्यासुरल्या वेळात द्यावयाची ती सवलत नव्हे.

यावर आक्षेप येतो, की सरकारचा पैसा जमिनीसाठी आहे, शाळेसाठी नव्हे. परंतु जमिनीलाही अज्ञानाची किंमत मोजावी लागते. दक्षिणेकडील राज्यांत उघड्या पडलेल्या उतारांवर या तरुणांनी कुडझू ही मूळची पूर्व आशियातील वेल मोठ्या प्रमाणावर लावली. धूप थांबेल, असे मृदसंधारणाच्या तज्ज्ञांनीच सांगितले होते. वेल माजली आणि झाडेच्या झाडे तिच्याखाली गुदमरू लागली. दोष मुलांचा नव्हता. पण ज्याचे हात मातीत आहेत, त्याला काय घडते आहे हे पुष्कळदा आधी दिसते. त्याला केवळ हुकूम पाळावयास शिकविले, तर दिसलेले तो सांगणार कोणाला?

या दलाचे गुणगान करताना त्याचे दरवाजे कोणाला बंद होते, हेही विसरू नये. वंशावरून भेदभाव करू नये, असे मूळ कायद्यातच लिहिले होते. तरी कृष्णवर्णीय तरुणांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या छावण्यांत ठेवले गेले. स्त्रियांना तर प्रवेशच नव्हता. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहामुळे त्यांच्यासाठी निराळ्या छावण्या निघाल्या. त्यांचा लाभ सुमारे ८,५०० जणींना झाला. ३० लाखांपुढे ही संख्या केवढीशी!

दल बंद झाले तरी कल्पना टिकली. मात्र तिचे आयुष्य नेहमीच सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहिले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या अशाच एका राष्ट्रीय सेवादलातील तरुणांना मुदत संपण्यापूर्वीच घरी पाठविले. कॅलिफोर्निया राज्याचे दल १९७६ पासून चालत आले आहे. वणवे, पूर, पायवाटांची दुरुस्ती ही त्याची नित्याची कामे. ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे आहे, त्यांच्यासाठी तेथे शाळेची सोयही आहे. त्या दलाच्या प्रसिद्ध घोषवाक्यात तरुणांना प्रामाणिकपणे बजावलेले आहे : कष्टाचे काम, कमी वेतन, हालअपेष्टा आणि आणखी बरेच काही! शाळेचा उल्लेख त्यात नाही. ‘आणखी बरेच काही’ या शब्दांतच ती धरली असावी.