घाई आणि पाचर

हिवाळ्याआधी बुखारीसाठी सरपण फोडायचं होतं. हायड्रॉलिक यंत्र संथ चालतं म्हणून एक जवान दाबाचा व्हॉल्व्ह आवळायला निघाला. मी थांबवलं. दाबानं जोर वाढतो. वेग ठरतो तो मिनिटाला सिलिंडरमध्ये किती तेल जातं त्यावर. दोन टप्प्यांचा पंप असता तर पाचर ओंडक्याला टेकेपर्यंत झपाट्यानं सरकली असती. तो आमच्याकडे नव्हता. पण ओंडके 40 सेंटिमीटरचे, मग पाचर दरवेळी 60 सेंटिमीटर मागे कशाला? 45 वर अडवली, फेऱ्याचा पाव वेळ वाचला.

एवढी घाई मला मान्य आहे. मात्र दोन्ही हात गुंतवणारी मूठ दोरीनं बांधून वेळ वाचवणं मान्य नाही. गेलेलं बोट इंडेंट करून परत मिळत नाही.