शुद्धी बाटलीत मिळत नाही

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, अनेक घरांत कांद्याची भजी आणि थालीपिठे होतात आणि दोन दिवसांनी आषाढी एकादशीपासून चातुर्मासाचे नेम सुरू होतात. चार महिने कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करण्याची ही प्रथा धार्मिक खरी. पण ऋतू पालटला की ताटही पालटावे, हा व्यवहारी विचार तिच्याशी कायम जोडलेला राहिला आहे. तेव्हा ऋतुमानाप्रमाणे खाणे महाराष्ट्राला नवे नाही. नवा आहे तो त्यावर उभा राहिलेला बाजार. सात दिवसांत शरीरातील सारी विषद्रव्ये धुऊन काढण्याचे आश्वासन देणारे रस, चहा आणि चूर्णे आता 'डिटॉक्स' या नावाने विकली जातात, आणि महिनाअखेरीस पैशापैशाचा हिशेब करणारा मध्यमवर्गीयही त्यांना भुलतो.

या विक्रेत्यांना एकच साधा प्रश्न विचारावयास हवा : कोणते विष? ब्रिटनमधील काही तरुण शास्त्रज्ञांनी २००९ साली पंधरा 'डिटॉक्स' उत्पादनांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला, तेव्हा कोणत्याही दोन कंपन्यांची 'डिटॉक्स'ची व्याख्या जुळली नाही. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात, अशा व्यापारी आहारक्रमांची माणसांवर एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी झालेली नसल्याचे नमूद करण्यात आले. ज्या शत्रूचे नावही सांगता येत नाही त्याच्यावर विजय मिळविल्याची ग्वाही कशाच्या आधारे दिली जाते?

वस्तुतः शुद्धीकरणाचे काम शरीर क्षणभरही थांबवीत नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सारा परत रक्तात सोडून दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर यकृत करते. मद्य आणि औषधे यांचा निचराही तेच करते. निरोगी माणसाच्या या इंद्रियांना बाटलीतल्या रसाची मदत लागत नाही आणि ती निकामी झाली तर त्या रसाचा उपयोग होत नाही. आठवड्याच्या उपासमारीने काट्यावर जे वजन घटलेले दिसते ते बहुतांशी पाण्याचे असते आणि जेवण पूर्ववत झाले की परत येते.

यावर आयुर्वेदाचा दाखला पुढे केला जातो. 'अष्टांगहृदया'त वसंतात वमन, वर्षाऋतूत बस्ती आणि शरदात विरेचन सांगितले आहे, हे खरे. परंतु त्याआधी स्नेहन-स्वेदन, नंतर पेयेपासून क्रमाने चढत जाणारा आहार, आणि मुख्य म्हणजे रोग्याचे वय, बल व अग्नी पाहून वैद्याने घेतलेला निर्णय, अशी ती व्यवस्था आहे. या उपचारांना आधुनिक कसोट्या लावण्याचे काम निश्चितच व्हावयास हवे. पण सर्वांना सरसकट एकच बाटली देणारा व्यापारी त्या परंपरेचा वारस नव्हे. तिचा पहिलाच नियम तो मोडतो.

हा केवळ पैशाच्या अपव्ययाचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. दुधी भोपळ्याचा रस हे अनेकांच्या सकाळचे शुद्धिपेय. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा व तो कडू लागल्यास रस मुळीच घेऊ नये, असे बजावले. पालकासारख्या ऑक्झलेटयुक्त भाज्यांचा रस रोज मोठ्या प्रमाणात घेतल्याने मूत्रपिंडांना गंभीर इजा झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने डॉक्टरांना न विचारता अन्न तोडले तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

अर्थात आपले उपवासही निर्दोष नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात तूप, बटाटा आणि दाण्यांचे कूट पडले की 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण खरी ठरते. जुन्या नेमांतून घेण्यासारखे आहे ते साबुदाण्यात नाही, संयमात आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे आणि ५ ग्रॅमहून कमी मीठ एवढेच सांगते. पावसाळ्यात त्याच्या जोडीला उकळलेले पाणी आणि ताजे, हलके अन्न असले की पुरे.

या सल्ल्यात चमत्कार नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. तो सात दिवसांत संपतही नाही, वर्षभर पाळावा लागतो. आणि नेमके तेच टाळण्याची सोय म्हणून बाटली विकत घेतली जाते. शुद्धीची खरी किंमत पैशांत मोजता येत नाही, ती रोजच्या ताटावर चुकवावी लागते.