चित्रपटांची तिजोरी कोणासाठी?

जुन्या मराठी चित्रपटांविषयी आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते. जन्मशताब्दी आली की तसबिरीला हार पडतो, एखादा गौरवग्रंथ निघतो, मान्यवरांची भाषणे होतात आणि ‘वारसा’ हा शब्द त्या भाषणांतून वारंवार कानी पडतो. मात्र त्याच सभेत कोणी उभे राहून, ‘महाराज, हा वारसा आम्हांला घरी बसून पाहावयास कोठे मिळेल?’ असे विचारले तर व्यासपीठावर शांतता पसरते. या शांततेविषयीच आम्हांला येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

आम्ही वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथील रहिवासी. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पाहता पाहता हे खेडे रुग्णालयाचे गाव झाले. परिचारिका, शिक्षक, कर्मचारी, निवृत्त माणसे अशी निरनिराळ्या मुलखांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात आणि रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. आमच्यांतील वडीलधाऱ्यांना ‘माणूस’ आठवतो, ‘शेजारी’ आठवतो, मास्तर विनायकांचे चित्रपट आठवतात. मुलांना ही नावेही ठाऊक नाहीत. आई-वडिलांनी मुलांना दाखवावे म्हटले, तर दाखवायचे काय आणि कोठून? राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे आणि पुणे आमच्यापासून सहाशे किलोमीटरांहूनही दूर आहे. गुडघ्यांचा संधिवात घेऊन एखाद्या आजोबांनी तेथवर जावे आणि तेही एका चित्रपटासाठी, ही अपेक्षा कोणी गंभीरपणे करणार असेल तर त्यांना आमचा दुरून नमस्कार.

आम्ही काय मागत आहोत हे स्पष्ट व्हावे म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३२ साली तिने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट दिला आणि १९३३ साली आपला संसार पुण्याला हलविला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘शेजारी’, ‘रामशास्त्री’ अशी मालिकाच तिने उभी केली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. परंतु प्रभात म्हणजे संपूर्ण मराठी चित्रसृष्टी नव्हे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, विनायकरावांची हंस पिक्चर्स, नवयुग, पुण्याची सरस्वती सिनेटोन, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ या सर्वांनी मिळून तो काळ घडविला. ‘संत तुकाराम’सारखे चार-दोन मानाचे चित्रपट तबकड्यांवर आले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. आमचे भांडण उरलेल्यांसाठी आहे. त्यांची नावे केवळ सूचींत व आठवणींच्या पुस्तकांत उरली आहेत, आणि प्रसिद्ध नाहीत म्हणून ती कोणी बाहेर काढत नाही. बाहेर निघत नाहीत म्हणून ती कधी प्रसिद्धही होत नाहीत!

१९२५ च्या ‘सावकारी पाश’चेच उदाहरण घ्या. बाबूराव पेंटरांच्या या मूकपटात सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी देशोधडीला लागतो. तरुण शांतारामांनी त्यात भूमिका केली होती. कर्जापायी कापूस उत्पादक शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्यांनी ज्या वर्धा जिल्ह्यातील घरे काळवंडली, त्या जिल्ह्यात हा चित्रपट एकदा तरी दाखविला जावा असे कोणाला वाटणार नाही? पण तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. पेंटरांनीच १९३६ साली त्याच कथेवर बोलपट केला. तोही आमच्या हाती आजवर आलेला नाही.

हे चित्रपट गेले कोठे? त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई आणि उष्ण, दमट हवेत आपोआप कुजे. चित्रपटगृहातून उतरलेली फिल्म निर्मात्याच्या लेखी अडगळ ठरे, म्हणून तिच्यातील चांदी काढण्यासाठी ती विकली जाई. सेल्युलॉइडपासून बांगड्या होत, म्हणून बांगडीवालेही ती नेत. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. आणि ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभातच्या आवारातील गोदामास आग लागून नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळाली. यांतील पहिली हानी अज्ञानामुळे झाली आणि दुसरी द्वेषामुळे. तिसरी मात्र जपणुकीसाठी ठेवलेल्या जागेतच झाली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

याचा दोष आम्ही संग्रहालयाच्या माथी मारीत नाही. १९६४ साली ती संस्था निघाली नसती आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने दारोदार हिंडून रिळे गोळा केली नसती, तर आज भांडावयासही काही उरले नसते. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आपण पाहू शकतो याचे श्रेय नायरांचे. आमचा आक्षेप आहे तो एका समजुतीवर. वस्तू एका भक्कम तिजोरीत ठेवली, कुलूप लावले, की ती सुरक्षित झाली, ही ती समजूत. ती खोटी आहे आणि ती खोटी आहे हे ख्रिस्ती वाचकाला तरी निराळे सांगावयास नको.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी पुराण बुडाले नाही. का बुडाले नाही? साध्या गृहस्थांनी ते हाताने उतरून घेतले होते, उपवासकाळात ते घराघरांतून वाचले जात होते आणि देशांतर करणाऱ्यांनी ते गाठोड्यात बांधून मंगळूरपर्यंत नेले होते. १९०७ साली मंगळुरास सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, ते अशाच जपलेल्या हस्तलिखितांवरून. कृती टिकते ती अनेक घरांत अनेक प्रती असतात म्हणून. एक प्रत जळेल, दुसरी कुजेल, तिसरी कोणी रद्दीत घालील, पण चौथी कोठेतरी आजीच्या पेटीत निघेलच. चित्रपटांच्या बाबतीत नेमकी ही चौथी प्रत कोणी होऊच दिलेली नाही.

कोणी म्हणेल, संतांच्या आणि पुराणांच्या या चित्रपटांशी ख्रिस्ती कुटुंबांचे काय नाते? नाते आहे आणि ते प्रारंभापासूनचे आहे. मुंबईच्या एका तंबूत येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना आपल्या देवादिकांनाही असे पडद्यावर आणावे हा विचार मनात आला, असे फाळक्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या विचारातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मला. पुढे १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. त्यांना ज्ञानेश्वर म्हणून पाहताना वारकऱ्यांनी त्यांचा धर्म विचारला नाही, आणि ती भूमिका करताना मोडकांनाही आपण परक्याच्या घरात शिरलो असे वाटले नसावे. १९३२ चा ‘श्यामसुंदर’ व १९३३ चा ‘औट घटकेचा राजा’ हे त्यांचे कोवळ्या वयातील चित्रपट. आज जेव्हा माणसामाणसांत भिंती घालण्याचा उद्योग जोरात आहे, तेव्हा आमच्या मुलांना हे दाखविण्यासारखे दुसरे उत्तर कोणते? आणि हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवरील १९४१ चा ‘शेजारी’ तर प्रत्येक गावाच्या सभागृहात वर्षातून एकदा लागावा अशा योग्यतेचा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हे सर्व आता इंटरनेटवर फुकट मिळते. काही मिळते हे खरे. पण कसे मिळते? कधीकाळी दूरचित्रवाणीवरून उतरविलेल्या फितीची प्रत, तिची पुन्हा प्रत. चेहरे धुक्यातले, संवाद विहिरीतून आल्यासारखे, मध्येच एखादे रीळ गायब आणि कोपऱ्यात कोणा अनोळखी दुकानाचा शिक्का. आज आहे, उद्या काढून टाकले तर दाद कोणाकडे मागावी? फाटक्या, पाने गळालेल्या पोथीला कोणी ग्रंथ प्रकाशित झाला असे म्हणत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा. असे चित्रपट घेणार कोण? घेणारे थोडे आहेत हे आम्हांला मान्य आहे. पण थोड्यांसाठीची वाटही जगाने शोधून काढली आहे. २००९ साली अमेरिकेतील वॉर्नर कंपनीने आपल्या कोठारातील अप्रसिद्ध जुन्या चित्रपटांसाठी एक योजना काढली. मागणी येईल तसतशी तबकडी तयार करून घरी पाठवावयाची. हजारोंचा साठा करावयास नको की दुकानांची साखळी नको. रसिकांनी वर्षानुवर्षे मागितलेले कित्येक चित्रपट अशा रीतीने त्यांच्या घरी पोहोचले. आता तर तबकडीचीही गरज उरलेली नाही. माफक शुल्क घेऊन स्वच्छ प्रत फाईलच्या रूपाने देता येते. जे एका व्यापारी कंपनीला परवडले ते जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला परवडू नये?

तिसरा आक्षेप कायद्याचा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९५० पूर्वीचे हे सर्व चित्रपट केव्हाच लोकांच्या मालकीचे झाले. गीतांचे आणि कथांचे हक्क निराळे असू शकतात, त्यांचा मोबदला त्या त्या वारसांना अवश्य द्यावा. प्रभातसारख्या संस्थांच्या वारसांनी हा ठेवा जपला असेल तेथे त्यांचा मानही राखावा. पण कायदा म्हणतो ‘हे तुमचे’, आणि कुलूप म्हणते ‘हात लावू नका’, हा प्रकार किती काळ चालावयाचा?

शेवटचा आक्षेप आमच्याच अंगणातला आहे, म्हणून तो आम्हांस अधिक बोचतो. रुग्णालयाच्या दारात राहून तुम्हांला सिनेमा सुचतो कसा? आणि सेवाग्राम इतके जवळ, गांधीजींना तर सिनेमा मुळीच आवडत नसे! गांधीजींना तो आवडत नसे हे खरेच. तरीही १९४४ साली त्यांनी ‘रामराज्य’ पाहिला, आणि त्यांनी पाहिलेला एकमेव भारतीय चित्रपट म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. राहिला प्रश्न रुग्णालयाचा. खाटेवर महिनोन्‌महिने पडून असलेल्या वृद्धाला औषधाइतकीच गरज असते ती आपल्या काळाच्या सोबतीची. महोत्सव त्याच्या उपयोगाचा नाही, पुण्याचे प्रेक्षागृह उपयोगाचे नाही. त्याच्या उशाशी पोहोचेल ती घरची प्रत. ज्यांनी हे चित्रपट पहिल्या खेळाला पाहिले ती पिढी आमच्या डोळ्यांदेखत संपत आली आहे. ‘हा नट कोण, ही गोष्ट कोठली’ हे सांगणारे ओठ मिटल्यावर फिल्म स्वच्छ होऊन आली, तर ती कोणाला दाखवावयाची?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मार्च २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे, तेव्हा त्यांचे उत्तर आम्ही महामंडळाकडूनच मागतो. पहिली, संग्रहातील प्रत्येक मराठी चित्रपटाची नाववार यादी मराठीत प्रसिद्ध करावी आणि तो पूर्ण आहे की अपुरा, दुरुस्त झाला की नाही, हे तीत सांगावे. दुसरी, ज्यांचा हक्ककाळ संपला आहे त्यांची प्रत मागेल त्याला खर्चाच्या किमतीत द्यावी. तिसरी, प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक संच ठेवावा. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. त्या स्टुडिओंच्या काळी चित्रपटांसाठी असा नियम असता, तर आज ही रड रडावी लागली नसती.

आणि वाचकहो, एक काम आपलेही आहे. माळ्यावरचे डबे उघडा. जुनी रिळे, गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती, छायाचित्रे यांतील काहीही सापडले तर रद्दीत घालू नका. योग्य हाती सोपवा, आणि सोपविण्यापूर्वी त्याची नोंद करून ठेवा. आपापल्या धर्मग्रामातून मागणीचे एकेक पत्र महामंडळाला जाऊ द्या. मागणी नाही हे त्यांचे आवडते उत्तर आहे. निदान ते उत्तर तरी आपण त्यांच्या हातून काढून घेऊ या.