रीलमधला कोयता आणि ऊसतोडीचा कोयता

मंडळी, आपल्या पाथर्डी तालुक्यात 'एक कोयता' म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, दसरा-दिवाळीनंतर लेकरंबाळं घेऊन कारखान्यावर निघालेली. पण हल्ली पोरांच्या रील्समध्ये कोयता दिसतो तो वेगळाच. डोळ्यावर गॉगल, हातात कोयता अन् मागं घसरत जाणारा जड बेस.

त्या बीटला 'ड्रिल' म्हणतात. जन्म शिकागोचा, पण लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या पोरांनी त्याला नवं रूप दिलं अन् तिथून तो जगभर गेला. पुण्याचा संबाटा तर मराठीत ड्रिल करतो.

ब्रिटिश रॅपशी माझी ओळख, तुमच्यासारखीच, लग्नाच्या वरातीत झाली. 'मुंडियां तो बच के' आठवतंय ना? आपण त्याला पंजाबचं गाणं समजून नाचलो. ते केलं होतं इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीतल्या पंजाबी एमसीनं, १९९८ च्या अल्बमसाठी. तेव्हा शब्दांशी देणंघेणं नव्हतं, ठेका पुरेसा होता.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला अन् मी शब्द वाचत ऐकायला लागलो. ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ साली ७२ माणसं गेली. दुसऱ्या वर्षी ब्रिट अवॉर्ड्सच्या मंचावरून स्टॉर्मझीनं थेट पंतप्रधान थेरेसा मे यांना विचारलं, ग्रेनफेलच्या पैशाचं काय झालं? डेव्ह नावाच्या पोरानं तर त्याआधीच 'क्वेश्चन टाइम' या गाण्यात पंतप्रधानांना नर्सच्या पगारापासून ग्रेनफेलपर्यंत जाब विचारला होता. पत्रकार परिषदेत आम्ही जे विचारायला कचरतो, ते ही पोरं ठेक्यात विचारत होती. मी चाहता झालो.

ड्रिल मात्र जड गेलं. चाकू, बदला, गल्लीतलं वैर. सुरुवातीला दोन गाण्यांत मी कंटाळलो. पण जानेवारी २०१९ मध्ये स्केंगडो अन् एएम या दोन रॅपरना कोर्टाची मनाई मोडून एक गाणं गायलं म्हणून नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. ते वाचून मी पुन्हा ऐकायला बसलो. चाकू मारला तर जरूर आत टाका, पण गाण्याला शिक्षा?

ही काही फक्त लंडनची गोष्ट नाही. एप्रिल २०२३ मध्ये संभाजीनगरच्या राज मुंगासेवर सत्तांतरावरच्या रॅपसाठी अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. गाण्यात कुणाचं नावसुद्धा नव्हतं. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवर 'भोंगळी केली जनता' या गाण्यासाठी गुन्हा. ज्या महाराष्ट्रानं 'विच्छा माझी पुरी करा' बघत राज्यकर्त्यांच्या टिंगलीवर टाळ्या वाजवल्या, तिथं चार मिनिटांचं गाणं पोलिसांनी तपासावं, हे काही बरं लक्षण नाही. हत्यार मिरवणाऱ्यासाठी आर्म्स ॲक्ट आहे, तो जरूर लावा. पण प्रश्न विचारणाऱ्याला अन् कोयता दाखवणाऱ्याला एकाच रांगेत उभं करू नका.

आता पोरांना एक सांगणं. लंडनच्या त्या पोरांची खरी ताकद चाकूत नाही, पत्त्यात आहे. आपली इमारत, आपला बसरूट, आपली बोली ते लपवत नाहीत. 'स्वदेशी' या मुंबईच्या ग्रुपनं २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट'मध्ये हेच केलं, आरेतल्या आदिवासींच्या जमिनीचं गाणं केलं. मग तिसगावच्या पोरानं ब्रिक्स्टनचा चाकू का उसना आणायचा? ज्याच्या आईबापाचा कोयता सहा-सहा महिने उसाच्या फडात चालतो, त्याच्याकडं लिहायला काय कमी आहे? उचल, मुकादम, गावाकडं आजीपाशी राहिलेली भावंडं, कांद्याचा भाव, टँकर. बीट तोच ठेवा, हरकत नाही. शब्द आपल्या वस्तीवरचे आणा.

अन् यात्रा कमिट्यांना, गणपती मंडळांना विनंती. डीजेला मोजता त्यातले थोडे पैसे बाजूला काढून अशा पोरापोरींना अर्धा तास माइक द्या. काही बोचरं ऐकावं लागेल, कदाचित तुमच्याबद्दलच. ऐकून घ्या.

आपल्या भागात कुणी असं लिहीत असेल तर मला कळवा. बातमी मी करतो.