घाटाचा राजा आणि विसराळू प्रजा

१/ सायकलीचा इतिहास म्हटला की आपली बोटे थेट आल्प्सकडे वळतात. स्टेल्व्हिओ, गालिबिए ही नावे तोंडपाठ. बोरघाट म्हटले की आठवते ती वाहतूककोंडी. ही विस्मृती आपणच ओढवून घेतली आहे.

२/ आधी कालगणना पाहू. इटलीतील स्टेल्व्हिओचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला गेला. बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० साली खुला झाला. दोन्ही रस्ते एकाच पिढीचे आहेत.

३/ आता सायकली. तूर द फ्रान्स गालिबिएवर चढली १९११ साली; इटलीची जिरो स्टेल्व्हिओवर पोहोचली १९५३ साली. मुंबई–पुणे सायकल शर्यत सुरू झाली १९४५ साली. अर्थात, स्टेल्व्हिओच्या आठ वर्षे आधी आपला घाट शर्यतीचा झाला होता!

४/ या शर्यतीत घाट सर्वांत आधी सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा किताब घाटमाथ्यावरचा आहे, अस्सल मराठी आहे. शर्यत कोण जिंकले याइतकेच घाट कोणी मारला यालाही येथे मोल आहे.

५/ आक्षेप पहिला : “२,७५७ मीटरच्या स्टेल्व्हिओपुढे खंडाळा तो काय?” वारसा उंचीने मोजायचा तर इतिहास कशाला, मोजपट्टी पुरे. कोकणच्या दमट उकाड्यातून खोपोलीहून वर येणाऱ्या पायांना विचारा.

६/ आक्षेप दुसरा : “रस्ता तर इंग्रजांचा.” लोककथा सांगते, वाट दाखवली ती शिंग्रोबा धनगराने, आणि त्याचे मोल त्याने प्राणांनी चुकवले. त्याचे देऊळ आजही घाटात उभे आहे. स्टेल्व्हिओही ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठीच बांधला गेला; म्हणून इटालियनांनी तो परका मानला नाही.

७/ ते काय करतात? वर्षातून एक दिवस स्टेल्व्हिओ मोटारींना बंद ठेवून सायकलींच्या हाती देतात. आपण काय केले? द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी घातली आणि जुन्या महामार्गावर तिला मालमोटारींच्या चाकांशी सोडून दिले. ज्या रस्त्यावर राजे घडतात, तेथे सायकलस्वाराने जीव मुठीत धरून चढावे?

८/ मागणी साधी आहे. घाटमाथ्यावर आजवरच्या ‘राजां’ची नावे कोरलेली एक शिळा असावी, आणि वर्षातून एक सकाळ जुना रस्ता सायकलींना मोकळा मिळावा. हेच आमच्या दौलताबाद–खुलताबाद घाटालाही लागू आहे. पुंडलिकनगरातून निघालेल्या पोराला चढ शिकायला आल्प्सला जावे लागत नाही. त्याला हवा आहे फक्त निर्धास्त रस्ता.